ठराव झाला, आता मयताच्या घरी काय?

पुरोगामी विचार कुठून येतो, असं विचारलं की कोल्हापुरात उत्तर तयार असतं: ही शाहू महाराजांची भूमी. ते खरंच आहे. १९१७ साली या संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. पण त्यानंतर शंभर वर्षं उलटली तरी मयताच्या घरी बांगड्या फुटतच राहिल्या. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. भाषणं ऐकून विचार पटतो. असं एखादं काम अंगावर घेतलं की तो आपला होतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथं कामाचंच सांगायचं आहे.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते. विषय त्याच्या आधी ग्रामसेवकाकडे (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ऐनवेळच्या विषयांत घुसवलेला ठराव गडबडीत मंजूर होतो आणि महिन्याभरात कुणाला आठवतही नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, पण पुष्कळ ठिकाणी ती रजिस्टरमधल्या सह्यांपुरतीच असते. ती खरोखर भरवावी, रानातून बायका परतल्यावर, संध्याकाळी. विधवा बायका बोलल्या तर तिथंच बोलतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तहकूब सभेला ही अट नसते. तरीही वीस माणसांत ठराव उरकू नये. उद्या तो पाळायचा आहे तो गावाला.

ठरावात ‘अनिष्ट प्रथा बंद’ एवढंच लिहून भागत नाही. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, हळदीकुंकवातून वगळणं, सगळं नावानिशी लिहावं. एखाद्या बाईला स्वतःलाच कुंकू नको असेल तर तिच्यावर सक्ती नाही, हेही लिहावं. ठरावाला शिक्षेचं बळ नसतं, त्यामुळे सभेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जो मोडेल त्याला वाळीत टाका.’ तिथंच थांबवायला हवं. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खरी परीक्षा मयताच्या दिवशी. घोळ बहुधा परगावच्या पै-पाहुण्यांमुळे होतो. त्यांना ठराव माहीत नसतो, आणि भावकीतल्या थोरल्या विधवाच पुढं होतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, त्यांच्याबाबतीत कुणी हात धरला नव्हता. ऐन गर्दीत वाद घातला तर रडारडीत तो बुडतो. म्हणून निरोप येताच गावातल्या दोन-तीन ओळखीच्या बायकांनी त्या घरी जावं, आधी सासूशी आणि माहेरच्या माणसांशी बोलावं, आणि तिरडी उठेपर्यंत नुकत्याच विधवा झालेल्या बाईजवळून हलू नये. पुन्हा रक्षाविसर्जनाला जावं, कारण पहिल्या दिवशी टळलेलं त्या दिवशी उरकलं जातं.

कुंकवापेक्षा मला जास्त काळजी सातबाऱ्याची वाटते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी, मग दाखला जोडून तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) वारस नोंदीचा अर्ज द्यावा. गाव नमुना ६-क म्हणजे वारस रजिस्टर. त्यात तिचं नाव लागलं की नाही ते स्वतः बघावं. नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलं, मुली आणि सासू यांच्याबरोबरीनं तिला त्याच्या मिळकतीत हिस्सा आहे. याच दिवसांत दीर-भावकी हक्कसोडपत्राचा विषय काढतात. ‘पोरांच्याच नावावर होतंय, सही कर,’ असं म्हटलं जातं, आणि दुःखात ती सही करून मोकळी होते. हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदलं गेलं की रद्द करायला दिवाणी कोर्ट गाठावं लागतं. तेराव्यापर्यंत तिची कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा घेऊ नये, असं एक वाक्य ठरावातच घालावं आणि त्याची प्रत चावडीवर लावावी.