प्रोकोलॅजेन पेशीबाहेर पडेपर्यंत

पणजी-मडगावच्या फार्मसींत कोलॅजेन पावडरीचे डबे आता थेट काउंटरवर मांडलेले दिसतात. पावडर वाईट नाही, शेवटी प्रथिनच ते. पण ‘हे घेतलं की कातडीत कोलॅजेन भरतं’ हा दावा एका साध्या गोष्टीपाशी अडतो. कोलॅजेनच्या वजनातला साधारण 13-14 टक्के भाग हायड्रॉक्सिप्रोलिन असतो, आणि या अमिनो आम्लासाठी जनुकीय संकेतच नाही. त्याला राइबोसोमपर्यंत, म्हणजे प्रथिनं जोडणाऱ्या यंत्रापर्यंत, नेणारा टी-आरएनए पेशीकडे नाही. पावडरीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन रक्तात येतं, काही छोट्या पेप्टाइडांच्या रूपातही येतं, पण नव्या साखळीत ते बसत नाही. पेशी आधी साधं प्रोलिन बसवते आणि मग त्यावर हायड्रॉक्सिल गट चढवते. कोलॅजेन ‘बनतं’ म्हणतात ते बहुतांशी या नंतरच्या कामांमुळे, आणि बिघडतं तेही तिथेच.

हाडं, कंडरा आणि कातडी यांत मुख्य असतं ते टाइप 1. दोन अल्फा-1 आणि एक अल्फा-2, अशा तीन साखळ्यांचं. अल्फा-1 राइबोसोमवरून उतरते तेव्हा ती 1464 अमिनो आम्लांची असते, पण शेवटच्या दोरीसारख्या भागात त्यातली 1014च येतात: 338 त्रिकुटं, प्रत्येक त्रिकुटात पहिलं ग्लायसिन. बाकीचं काय? सुरुवातीचा तुकडा साखळीला एंडोप्लास्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या, प्रथिनं घडवणाऱ्या कप्प्यात (पुढे नुसतं ईआर म्हणू) घेऊन जातो आणि तिथेच कापला जातो. दोन्ही टोकांना उरतात ते प्रोपेप्टाइड. हे वाया जाणारं सामान नव्हे. कोलॅजेनचा स्वभावच एकमेकांना चिकटून तंतू करण्याचा आहे, आणि ते पेशीच्या आतच सुरू झालं तर पेशीची धडगत नाही. प्रोपेप्टाइड अंगावर असेपर्यंत रेणू विरघळलेला राहतो. म्हणून पेशी बाहेर धाडते ते कोलॅजेन नसतं, प्रोकोलॅजेन असतं.

ईआरमध्ये साखळी सुटी असतानाच प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हा एन्झाइम कामाला लागतो. एका साखळीत शंभराच्या आसपास प्रोलिन तो बदलतो. त्याला लागतं फेरस रूपातलं लोह, ऑक्सिजन, 2-ऑक्सोग्लुटारेट आणि क जीवनसत्त्व. क जीवनसत्त्वाची भूमिका मात्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत घाईघाईने उरकलेली असते. ते दर फेरीला खर्च होत नाही. एन्झाइम अधूनमधून प्रोलिनशिवायच 2-ऑक्सोग्लुटारेट जाळतो, त्या फुकटच्या फेरीत त्याचं लोह फेरिक होतं आणि एन्झाइम बंद पडतो. क जीवनसत्त्व ते लोह परत फेरस करतं. त्यामुळे कमतरता आली की काम एका झटक्यात थांबत नाही. एकेक एन्झाइम बाद होत जातो.

हायड्रॉक्सिल चढलं नाही तर काय होतं, ते तापमानात मोजता येतं. नीट हायड्रॉक्सिल झालेलं टाइप 1 40 अंशांच्या आसपास उलगडतं. हायड्रॉक्सिल नसलेलं 24 अंशांनाच. अंगाचं तापमान 37. म्हणजे असा रेणू शरीरात गुंफलेला टिकतच नाही. तो ईआरमध्ये अडकतो आणि तिथेच मोडून टाकला जातो. क जीवनसत्त्वाअभावी होणारी स्कर्व्ही ती हीच. हिरड्या आधी जातात, कारण दात धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनची उलाढाल फार जलद असते.

याचा एक जुना दाखला आपल्या समुद्रातलाच आहे. काणकोणच्या दक्षिणेला, कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून वास्को द गामा ऑक्टोबर 1498 मध्ये परत निघाला. वारा पडलेला, आफ्रिकेचा किनारा गाठायला जवळजवळ तीन महिने लागले. सफरीच्या रोजनिशीत हिरड्या सुजल्याची आणि त्या टप्प्यात 30 माणसं दगावल्याची नोंद आहे. किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांना ही वेळ सहसा आली नाही. काजूच्या बोंडूतच संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं, त्याच्या ताज्या रसात, नीऱ्यातही उतरतं. फेणीत मात्र नाही. ते वाफेबरोबर वर येत नाही, भाटीतच राहतं.

आता गुंफण. तीन साखळ्या आधी सी-टोकाच्या (साखळीच्या शेवटाकडच्या) प्रोपेप्टाइडनी एकत्र येतात, तिथे डायसल्फाइड बंध पडतात, आणि मग त्या टोकाकडून एन-टोकाकडे (सुरुवातीकडे) तीनपेडी वेणी घातली जाते. पेड इतके घट्ट बसतात की मधोमध फक्त हायड्रोजनपुरती जागा उरते. ग्लायसिनची बाजूशाखा तेवढीच, म्हणून दर तिसरं ग्लायसिन. ही तीन पेडांची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मद्रासमध्ये 1954-55 साली मांडली.

एका जागी ग्लायसिनऐवजी मोठं अमिनो आम्ल आलं की गुंफण तिथे रखडते. पुढचा, म्हणजे एन-टोकाकडचा भाग जास्त वेळ सुटा राहतो आणि त्यावर हायड्रॉक्सिल आणि साखरा गरजेपेक्षा जास्त चढतात. साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या जेलवर हे डोळ्यांनी दिसतं: अल्फा-1 चा पट्टा वरच अडकतो आणि पसरट होतो. (कोलॅजेन जेलवर तसंही फसवतं. 95 किलोडाल्टनची साखळी 120-130 जवळ धावते, म्हणून साध्या मार्करवर विसंबू नका.) ठिसूळ हाडांच्या आजाराचे बरेचसे गंभीर प्रकार असेच होतात. इथला हिशेब विचित्र आहे. अल्फा-1 च्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असली तरी प्रत्येक रेणूत ती साखळी दोनदा लागते, म्हणून चारातले तीन रेणू बिघडतात. तीच प्रत पूर्ण गप्प असली तर कोलॅजेन निम्मं होतं पण सगळं निर्दोष, आणि आजार सौम्य राहतो. थोडं पण चांगलं, हे भरपूर पण बिघडलेल्यापेक्षा परवडतं.

गुंफून झालेल्या रेणूला हायड्रॉक्सिलेज हात लावू शकत नाही. सुधारणा करायची ती आधीच. शिवाय 37 अंशांवर नुसता रेणू जेमतेमच टिकतो, म्हणून एचएसपी-47 हा सोबती त्याला ईआरभर धरून ठेवतो आणि गॉल्जीकडे, म्हणजे माल पुढे धाडणाऱ्या कप्प्यांकडे, आम्लता वाढली की सोडतो.

बाहेर काढणं ही सगळ्यात अवघड पायरी. प्रोकोलॅजेन ही सुमारे 300 नॅनोमीटर लांबीची ताठ काठी, आणि ईआरमधून माल नेणाऱ्या नेहमीच्या कॉप-2 पिशव्या 60 ते 90 नॅनोमीटरच्या. टॅन्गो-1 हे प्रथिन 2009 मध्ये टाइप 7 कोलॅजेनवर काम करताना पुढे आलं. ते आतून मालाला धरतं आणि बाहेरून कॉप-2 चं आवरण लवकर मिटू देत नाही. मोठी पिशवी तयार होते की ईआर आणि पुढचा कप्पा यांच्यात नळीच जोडली जाते, यावर अजून वाद आहे. आवरणातल्या सेक-23ए या प्रथिनात दोष असलेल्या मुलांची डोक्यावरची टाळू उशिरा भरते. पुढे गॉल्जीत काठ्या कप्प्यांतून उड्या मारत नाहीत, कप्पाच त्यांना घेऊन पुढे सरकतो. 1998 मधलं कोलॅजेनवरचंच काम या मताचा मोठा आधार ठरलं.

पेशीबाहेर बीएमपी-1 सी-टोक कापतो, ॲडॅम्टीएस-2 एन-टोक. सी-टोक गेलं की विद्राव्यता हजारपटीने घसरते आणि रेणू आपोआप रांगेत बसतात, 67 नॅनोमीटरच्या ठरावीक अंतराच्या पट्ट्यांनी. एन-टोक कापलं गेलं नाही तर तंतू वेडेवाकडे होतात आणि कातडी हाताने फाटावी इतकी नाजूक बनते. हे आधी गुरांमध्ये दिसलं. कापलेलं एन-टोक रक्तात उतरतं. हाडांच्या औषधावर असलेल्यांना ‘पी1एनपी’ तपासणी सांगतात ती त्याचीच. हाड मोडल्यानंतर काही महिने हा आकडा वाढलेला असतो, तेव्हा तो औषधाच्या खाती मांडू नये. शेवटचे आडवे बंध तांब्यावर चालणारा लायसिल ऑक्सिडेज घालतो.

फायब्रोब्लास्ट (कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी) प्रयोगशाळेत वाढवणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. डीएमईएम या नेहमीच्या पोषक माध्यमात क जीवनसत्त्व नसतं. साधं घातलं तर 37 अंशांना काही तासांत उडून जातं. त्याचं 2-फॉस्फेट रूप, मिलीलिटरला 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास, टिकतं. दुसरं, पातळ माध्यमात सी-टोक कापलं जाण्याचं काम फार रेंगाळतं, प्रोकोलॅजेन वरच्या द्रवातच राहतं आणि माध्यम बदलताना आपण ते ओतून देतो. तो द्रव ठेवून मोजा. गुंफण नीट झाली का हे पेप्सिन हा पचनाचा एन्झाइम सांगतो: 0.5 मोलर ॲसेटिक आम्लात, 4 अंशांना, रात्रभर. चांगली वेणी टिकते, न गुंफलेल्या साखळ्या पचून जातात.

एकूण कोलॅजेन हायड्रॉक्सिप्रोलिनवरून काढणार असाल तर 6 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, 110 अंश, 16 ते 24 तास, मग क्लोरामिन-टी आणि एर्लिकचा अभिकारक, वाचन 560 नॅनोमीटरजवळ. आलेला आकडा साधारण सातने गुणायचा. मात्र वासराच्या सीरममध्येही हायड्रॉक्सिप्रोलिन असतं, तेव्हा पेशी नसलेल्या, नुसत्या सीरमच्या माध्यमाची एक नळी त्याच रॅकवर हवीच.