दोन सिंहगड, ताकाशिवाय

पुण्यात कुठल्याही डोंगराची उंची मीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. समोरचा शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, "म्हणजे सिंहगडापेक्षा किती?" आमच्या सोसायटीतले एक काका हिमालयात 17 हजार फुटांवर जाऊन आले, तेव्हा "म्हणजे चार सिंहगड" असा निकाल जिन्यातच लागला. सिंहगडाच्या 1312 मीटरपैकी साडेपाचशे मीटर पुण्याने आपल्याला घरबसल्या दिलेले असतात, हे अशा वेळी कुणाच्या लक्षात येत नाही.

या खेपेला मात्र आमचाच बेत ठरला. हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेने. पाचनईकडून मी दोनदा गेले आहे. ती वाट म्हणजे पोरंबाळं, डबे, फोटो. नळीची वाट खाली कोकणातून, बेलपाड्याहून निघते आणि कोकणकड्याच्या बाजूच्या अरुंद घळीतून दगडाधोंड्यांवरून सरळ वर चढते. मध्ये कातळटप्पे, तिथे दोर लावायचा. बेलपाडा ठाणे जिल्ह्यात. आम्ही उतरणार तोलार खिंडीने खिरेश्वरला, ते पुणे जिल्ह्यात. पाचनई अहिल्यानगरमध्ये. एकाच गडावरून वाट चुकलं तर माणूस भलत्याच जिल्ह्यात उतरतो, त्यामुळे गाडी कुठे उभी करायची यावरच आमची पहिली बैठक संपली. (गाडी माळशेज घाट उतरून आम्हाला सोडणार आणि पुन्हा घाट चढून खिरेश्वरला थांबणार. ड्रायव्हरदादांना एवढंच म्हणायचं होतं की ताई, गाडीतनं वर जाता येत असताना...)

नवऱ्याचा आग्रह जुलैचा. पावसाळ्यात कड्यावरून इंद्रवज्र दिसतं म्हणे, गोल इंद्रधनुष्य. त्याला म्हटलं, अरे, ती घळ पावसाळ्यात ओढ्याची वाट असते, आणि ओढा काय एकटा येत नाही, दगड घेऊन येतो. मग जानेवारी ठरला. बेलपाड्यातला वाटाड्या घ्यायचा, यावर वाद झाला नाही. आमच्या घरात वाद न होता ठरलेली ती एकच गोष्ट.

खरी गंमत वेळेच्या हिशेबात होती. आतेभावाने टेबलावर नकाशा पसरला. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा (जितक्या जवळ, तितका चढ उभा), सगळीकडे अंतर राखून चाललेल्या आणि कोकणकड्याशी आल्यावर एकमेकींना चिकटून त्यांचा एक जाड काळा पट्टा झालेला. त्या पट्ट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "नेस्मिथच्या नियमाने साडेतीन तास." हा नेस्मिथ स्कॉटलंडचा गिर्यारोहक. त्याने 1892 मध्ये सांगून ठेवलंय की दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. नियम देखणा आहे, पण नेस्मिथसाहेबांनी आमची नळी पाहिलेली नव्हती. तिथे दोन पावलं टाकली की तिसरं पाऊल कुठे ठेवायचं याचा विचार करावा लागतो. जाऊन आलेले लोक आठ-नऊ तास सांगतात.

मग माझ्या पुणेरी डोक्याने आपलं माप काढलं. आतकरवाडीतून सिंहगडाची चढण साधारण 600 मीटर. नळीची वाट त्याच्या दुप्पट. म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन सिंहगड, आणि मध्ये कुठेही ताक नाही.

हे शेवटचं महत्त्वाचं. मी सिंहगड दीड तासात चढते असं गेली कित्येक वर्षं सांगत आलेय. त्यात लिंबू सरबत, मीठ-मिरची लावलेली काकडी आणि वर पोचण्याआधीचं ताक एवढे तीन मुक्काम असतात, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आपण चढतो ते पायांच्या जोरावर की पुढच्या टोपलीच्या ओढीने, ते बघायचं ठरवलं.

गेल्या रविवारी पहाटे पाठीवर सॅक घेतली. चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, शिवाय दोराच्या वजनाऐवजी पाच किलो तांदूळ. आई दारात उभी. "तांदूळ कुठे निघाले?"

"गडावर."

"आणि परत?"

"परत आणणार."

तिने देवाकडे पाहिलं आणि कडी लावून घेतली.

पहिली चढण न थांबता सव्वा तासात झाली. मी स्वतःवरच खूश. उतरताना गुडघे कुरकुरले, त्यांना सांगितलं की अजून मध्यंतर आहे. पायथ्याशी बूट आवळून पुन्हा वर वळले. आता ऊन चढलं होतं, तांदळाचे पाचाचे सात किलो झाले होते आणि सकाळी कौतुकाने बघणारी पोरं उतरताना "काकू, सावकाश" म्हणू लागली. अर्ध्या वाटेवर वहीत लिहिलेली 'सातला निघणे' ही नोंद मी मनातल्या मनात खोडली. साडेपाच. अंधारातच निघायचं, बॅटरीवर.

वरच्या टप्प्यावर ताकवाल्या मावशी सकाळच्याच जागी. त्यांनी मला दोन तासांपूर्वी उतरताना पाहिलं होतं.

"काय गं, वर काही विसरलं का?"

"नाही मावशी. प्रॅक्टिस चाललीय."

त्यांनी ग्लास भरून पुढे केला. मी मान हलवली. "आज ताक नाही घ्यायचं."

मावशी माझ्याकडे, सॅककडे आणि पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या.

"मग चढलीस कशाला?"