पुण्यात परिषदेला येताय? सेशनच्या आधीचं आणि नंतरचं पुणे

परिषदेच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर 'प्रेक्षणीय स्थळे' म्हणून शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय आणि सिंहगड ही नावं हमखास असतात. ती बंद कधी होतात, हे मात्र कुणी छापत नाही. केळकर संग्रहालय आणि आगाखान पॅलेस साडेपाचला, शनिवारवाडा साडेसहाला. म्हणजे शेवटचं सेशन संपवून, चहा घेऊन, बॅज खिशात घालून तुम्ही बाहेर पडेपर्यंत यादीतल्या बहुतेक दारांना कुलूप लागलेलं असतं. परिषदेला आलेल्या माणसाच्या हातात असते ती सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते साडेदहा एवढीच वेळ. कुठली गोष्ट यातल्या कुठल्या वेळात बसते हे आधी ठरवलं, तर तीन दिवसांत पुष्कळ होतं. नाही ठरवलं तर हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये पनीर बटर मसाला खाऊन परत जावं लागतं.

आधी मुक्कामाचं बघू. आयोजकांनी खोली दिली असेल तर प्रश्न नाही. पण स्वतः निवडणार असाल तर डेक्कन, शिवाजीनगर, आपटे रस्ता, फर्ग्युसन रस्ता हा पट्टा धरा. विद्यापीठ, सेनापती बापट रस्ता, पाषाण, बाणेर यांपैकी कुठेही परिषद असली तरी इथून सोयीचं पडतं, आणि खाण्याची निम्मी ठिकाणं पायी अंतरावर येतात. परिषदस्थळाला चिकटून राहायचा मोह बाणेरला विशेषतः टाळा. सकाळी वीस मिनिटं वाचतात आणि संध्याकाळी गावात यायला तासभर जातो.

गावात फिरायला मेट्रो. दोन मार्ग आहेत: वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. दोन्ही जिल्हा न्यायालय स्टेशनवर एकमेकांना छेदतात. स्वारगेटकडे जाणारी गाडी तिथे जमिनीखाली 33 मीटरवर आहे आणि वनाजची उंच पुलावर, त्यामुळे सरकत्या जिन्यांवरून गाडी बदलायला पाच-सात मिनिटं धरूनच चाला. पेठांसाठी मंडई आणि कसबा पेठ ही दोन स्टेशनं फार उपयोगाची. सप्टेंबर 2024 मध्ये ती सुरू झाल्यापासून पेठांत रिक्षाने जाण्यात अर्थ उरलेला नाही. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता असे तिथले मोठे रस्ते एकेरी आहेत. नकाशावर दीड किलोमीटर दिसणारं अंतर वळसा घालत तीन होतं. हा वळसा रिक्षावाल्याचा लबाडपणा नसतो, वाहतूक पोलिसांचा नियम असतो. फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्त्यांचंही तेच: एक डेक्कनकडे येतो, दुसरा डेक्कनपासून जातो. रिक्षा पकडताना आपल्याला हव्या त्या दिशेच्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. विद्यापीठ, पाषाण, बाणेर मात्र या दोन मेट्रो मार्गांवर येत नाहीत. तिकडे रिक्षा किंवा कॅबच, आणि विद्यापीठ चौकातली सकाळची कोंडी लक्षात घेता साडेनऊच्या उद्घाटनाला डेक्कनहून पावणेनऊला निघालेलं बरं. उद्घाटन वेळेवर सुरू होत नाही हा अनुभव सगळ्यांचाच, पण नोंदणीची रांग असतेच.

आता सकाळ. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी लोक करतात असा कार्यक्रम म्हणजे जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं हे लेणं भर शहरात, रस्त्यापासून चार पावलांवर, जमिनीच्या पातळीखाली कोरलेलं आहे. अंगणातला गोल नंदीमंडप नीट बघा. छत्रीसारखं ते सपाट छप्पर आणि खालचे जाड खांब सगळं त्याच खडकातून काढलेलं आहे. काम अर्धवट राहिलंय हे आतल्या भिंतींवरून कळतं. अर्धा तास पुरतो. पर्वतीला दीड तास ठेवा. रिक्षाने पायथा, मग शंभरएक पायऱ्या. पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी सावकाश चढावं. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलं, आणि पानिपतानंतर 1761 मध्ये ते वारले तेही पर्वतीवरच. आठनंतर ऊन लागतं आणि शहरावर धुरकट पडदा येतो, म्हणून सहा-साडेसहालाच वर पोहोचा. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन परिषदांच्या हंगामात, पहाटे चांगलीच थंडी असते. विदर्भ-मराठवाड्यातून येणारे 'पुण्यात कसली थंडी' म्हणत स्वेटर घरी ठेवतात आणि मग एसी हॉलमध्येही कुडकुडतात.

न्याहारीला मिसळ खायची तर सकाळीच. जुनी मिसळीची ठिकाणं दुपारपर्यंत आवरतात, रात्री मिसळ शोधत गेलात तर शटर दिसेल. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातलं बेडेकर आणि कर्वे रस्त्याच्या भागातलं काटाकिर्र ही दोन अगदी वेगळी टोकं आहेत. बेडेकरांची मिसळ गोडसर: पोहे, बटाटा, शेव, वरून रस्सा, आणि सोबत पाव नसून स्लाइस ब्रेड. कोल्हापूरकरांना हा ब्रेड बघून धक्का बसतो, पण इथली जुनी रीत तीच. काटाकिर्र नावाप्रमाणे तिखट. तिथे तिखटाचं प्रमाण सांगता येतं, 'मध्यम' म्हणायला लाजू नका. ज्यांचा पेपर अकराला आहे त्यांनी बेडेकर किंवा सरळ फर्ग्युसन रस्त्यावरचं वैशाली धरावं. वैशालीत इडली, डोसा, उपमा यांपैकी काहीही घ्या, पण एकदा एसपीडीपी, म्हणजे शेव-पोटॅटो-दही-पुरी, चाखून बघा. पुरी एका घासात तोंडात टाकायची, चावून अर्धी ठेवली की दही शर्टावर. रविवारी सकाळी तिथे दारात नाव लिहून थांबावं लागतं, इतर दिवशी आठच्या आत गेलं तर लगेच टेबल मिळतं. बनमस्का आणि इराणी चहा हवा असेल तर डेक्कनच्या कोपऱ्यावर 1935 पासूनचं गुडलक. पहाटेच्या गाडीने पुणे स्टेशनला उतरणार असाल तर जहांगीर रुग्णालयाजवळचं व्होहुमन: चीज ऑम्लेट, बनमस्का, चहा. खोली दुपारी बाराला मिळणार असते तेव्हा ही जागा उपकाराची वाटते.

दुपारचं जेवण परिषदेतच होतं, आणि तसंच होऊ द्या. त्या तासाभरात बाहेर जाऊन येणं जमत नाही.

संध्याकाळचा एक मार्ग सांगून ठेवतो, फार तर अडीच-तीन तासांचा, सगळा पायी. सातच्या सुमाराला मंडई मेट्रो स्टेशनला वर या. समोर महात्मा फुले मंडई: 1886 मधली अष्टकोनी दगडी इमारत, मधोमध उंच मनोरा, आठ बाजूंना फाकलेले गाळे. आत शिरून वर बघा, छताची मांडणी आतूनच कळते. तिथून दोन-तीन मिनिटांवर तुळशीबाग. बाहेर कानातली, पितळी भांडी, पोळपाट-लाटणी यांची दाटी आणि आत, एका अरुंद दारामागे, पेशवेकालीन राममंदिर. गर्दीत ते दार चुकतं, दुकानदाराला विचारलं की बोट दाखवतो. भाव करायचा तर हसत करा. मग बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमाराला बांधलेल्या या वाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग संध्याकाळी बाहेरूनही बघण्यासारखा आहे. दगडूशेठ गणपती जवळच, आणि त्याचं दर्शन रस्त्यावरूनही होतं. पुस्तकं घ्यायची असतील तर अप्पा बळवंत चौक याच टापूत आहे, पण तिथे आधी जा. तिथली दुकानं मंडई-तुळशीबागेच्या मानाने लवकर आवरतात आणि रविवारी बहुतेक बंदच असतात.

आता जेवण. मराठी थाळी हीच पुण्याची खरी बाजू, आणि इथेच बाहेरून आलेल्यांची सगळ्यात जास्त फजिती होते. खाणावळींच्या वेळा ठरलेल्या असतात: दुपारी साधारण साडेअकरा ते अडीच-तीन, रात्री साडेसात ते दहा-साडेदहा. मधे गेलात तर कुणी ताट वाढत नाही. दुसरं, अनेक खाणावळी रविवारी संध्याकाळी बंद असतात, कारण रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण होऊन गेलेलं असतं. परिषद रविवारी संपत असेल तर खाणावळीचा बेत शनिवारी रात्री किंवा रविवारी दुपारी ठेवा. तिसरं, माणसं. एकाच सत्रातले बारा जण मिळून जायचा उत्साह येतो. जुन्या खाणावळीत टेबलं चौघांची असतात, अनोळखी माणसासमोर बसवतात, आणि बारा जणांना एकत्र बसवायला कुणाला वेळ नसतो. चार-चारच्या गटांनी आत जा, जागा भराभर होते.

टिळक रस्त्यावरची बादशाही आणि लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस ही जुन्या वळणाची, साध्या घरगुती जेवणाची. आपटे रस्त्यावर श्रेयस आणि आशा, डेक्कनला सुकांता, टिळक रस्त्यावर दुर्वांकुर. यांपैकी श्रेयस, सुकांता, दुर्वांकुर इथे थाळी पोटभर, पुन्हा पुन्हा वाढत राहणारी. अशा ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत पोट भरून घेण्याची चूक होते. वाढपी आधी ढोकळा, वडे, भजी असले प्रकार फिरवतो, ते एकेकच घ्या. अळूची पातळ भाजी, मसालेभात, आमटी, आणि असली तर पुरणपोळी किंवा जिलबी-मठ्ठा यासाठी जागा हवी. वरणभातावर तूप वाढायला आलेला माणूस एकदाच येतो, त्याला जाऊ देऊ नका. नको असेल तेव्हा ताटावर आडवा हात धरायचा, नुसतं 'नको' म्हटलेलं वाढप्याला ऐकू येत नाही. मांसाहारी जेवायचं तर सदाशिव पेठ-टिळक रस्ता भागात मराठा पद्धतीच्या खाणावळी आहेत. तिथे मटणाची थाळी घ्या आणि लवकर जा, उशीर झाला की मटण संपून चिकन उरतं.

जेवणानंतर मस्तानी. नावावर जाऊ नका, हे घट्ट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. सदाशिव पेठेतलं सुजाता प्रसिद्ध आहे. आधी चमच्याने गोळा खा, मग ग्लास उचला. भरल्या पोटी दोघांत एक पुरते.

मराठी वाचकासाठी आणखी एक संध्याकाळ आहे, ती माहितीपत्रकात कधीच नसते: नाटक. 1968 पासूनचं बालगंधर्व रंगमंदिर जंगली महाराज रस्त्यावरच आहे, टिळक स्मारक आणि भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठ-टिळक रस्त्यावर. शनिवार-रविवारी दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ असे खेळ लागतात. रात्रीचा खेळ परिषदेच्या वेळेत बरोबर बसतो. जाहिराती वर्तमानपत्रात येतात, तिकीट ऑनलाइनही मिळतं. खेळ सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, परतीची सोय आधी बघा. डिसेंबरात येत असाल तर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या तारखा परिषदेशी जुळतात का ते पाहून ठेवा.

उलट गणेशोत्सवात आणि ज्येष्ठ-आषाढात पालख्या पुण्यात असताना पेठांतले रस्ते वाहनांना बंद असतात. गर्दीची हौस असेल तरच तेव्हा गावात शिरा, आणि स्टेशनला जायला दुप्पट वेळ ठेवा.

आता उरला तो अर्धा दिवस. समारोप दुपारी संपतो किंवा परतीची गाडी रात्रीची असते, तेव्हाचा. विमानाने जाणार असाल तर आगाखान पॅलेस वाटेवर आहे. सामान कॅबमध्ये ठेवून एक तास काढता येतो. ऑगस्ट 1942 ते मे 1944 गांधीजी इथे स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघांचाही मृत्यू इथलाच, त्यांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत. बरेच जण समोरची कमानदार इमारत बघून परत फिरतात, मागे जा. गाडी स्टेशनवरून असेल तर केळकर संग्रहालय, मंडई स्टेशनपासून दहाएक मिनिटांवर. वीस हजारांवर वस्तूंपैकी मांडलेल्या आहेत अडीच हजारांच्या आसपास, तरी दीड तास लागतो. वेळ कमी असेल तर दिवे, अडकित्ते आणि कोथरूडहून उचलून आणून उभा केलेला मस्तानी महाल एवढं तरी बघा. शनिवारवाड्यात अपेक्षा ठेवून जाऊ नका: 1828 च्या आगीनंतर आत जोती, कारंजी आणि हिरवळ उरली. दिल्ली दरवाजावरचे हत्तींसाठी ठोकलेले अणकुचीदार खिळे मात्र जवळून बघा, ते बाहेरूनही दिसतात.

सिंहगडाला किमान पाच तास हवेत, आणि रविवार नको. घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते, वन विभागाच्या नाक्यापासूनच. आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे निघालात तर गडावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाऊन दुपारपर्यंत परत. लेण्यांची आवड असणाऱ्यांनी त्याऐवजी लोणावळा लोकलने मळवलीला उतरून भाज्याला जावं. दुपारी लोकलच्या फेऱ्यांत मोठी खिंड पडते, म्हणून सकाळची गाडी धरा आणि परतीची वेळ स्टेशनवरच टिपून घ्या.

घरी न्यायचा खाऊ शेवटी घ्या. चितळ्यांची बाकरवडी टिकते, आंबाबर्फीचं पाकिटावर तारीख बघून ठरवा. कॅम्पातल्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं हवी असतील तर सकाळीच जा. दुपारी बेकरी बंद असते, आणि संध्याकाळी हवा तो माल संपलेला असू शकतो. बिस्किटांचा खोका बॅगेत कोंबू नका, हातात धरा. परिषदेत मिळालेली ती कापडी पिशवी त्यासाठी अगदी मापाची असते.