तुम्ही विचारलंत म्हणून: प्युरिटनांचं अमेरिकेत काय उरलं?

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते म्हटल्यावर भारतातून येणारी मंडळी हमखास विचारतात, "त्या जुन्या कर्मठ प्युरिटन लोकांचं आता काय उरलंय तिथे?" प्युरिटन म्हणजे चर्च 'शुद्ध' करू पाहणारे इंग्लंडमधले कर्मठ प्रोटेस्टंट. विचारताना डोळ्यांसमोर बहुधा इथलं सेलम असतं. १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं, ते गाव. तो इतिहास खराच आहे. पण माझं उत्तर ठरलेलं आहे: शाळा उरली.

१६३० मध्ये जॉन विन्थ्रॉपच्या पुढारीपणाखाली हे प्युरिटन इंग्लंडहून बॉस्टनच्या किनाऱ्याला लागले आणि दहा वर्षांत वीसेक हजार माणसं आली. रानात अजून धड रस्ते नव्हते, तरी १६३६ मध्ये त्यांनी एक कॉलेज काढलं. तेच पुढे हार्वर्ड झालं. मला त्याहून मोठा वाटतो तो १६४७ चा कायदा. गावात ५० घरं झाली की मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमायचा. १०० घरं झाली की मुलांना कॉलेजपर्यंत नेणारी, लॅटिन शिकवणारी शाळा काढायची, नाहीतर गावाला दंड. कारणही कायद्यातच लिहिलं आहे: माणसांना धर्मग्रंथापासून दूर ठेवणं हा सैतानाचा डाव आहे. ग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचायचा, तर प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे. हेतू निव्वळ धार्मिक होता, पण शाळा ही गावाची जबाबदारी, हे एकदा ठरलं ते ठरलं.

आमच्या गावात वसंतात टाउन मीटिंग भरते. तीही त्याच काळातली प्रथा. शाळेच्या सभागृहात गावातले मतदार जमतात, हातात मतदानाचं रंगीत कार्ड. वर्षाच्या खर्चाचा एकेक ठराव वाचला जातो, आणि सगळ्यात मोठी रक्कम असते शाळांची. ज्यांची नातवंडंसुद्धा शिकून बाहेर पडलीत असे म्हातारे माईकपाशी उभे राहून नव्या शिक्षकांच्या बाजूने बोलतात, काही जण कर वाढेल म्हणून विरोधात बोलतात. मग कार्डं वर होतात, मोजली जातात. तिथे बसले की मला तो १६४७ चा कायदा आठवतोच.

त्यांचं दुसरं अंग मला झाकायचं नाही. वाचायला शिकवलं, पण वाचून कुणी वेगळं बोललेलं त्यांना खपलं नाही. अ‍ॅन हचिन्सन घरी लोकांना जमवून प्रवचनांवर चर्चा करायची, तिच्यावर १६३७ मध्ये खटला भरून तिला हद्दपार केलं. मेरी डायर क्वेकर या प्युरिटनांना नकोशा ख्रिस्ती पंथात गेली, हद्दपारी मोडून परत आली, म्हणून १६६० मध्ये तिला फाशी दिलं. इथल्या मूळच्या पीक्वॉट लोकांची तर वस्तीच्या वस्ती जाळली. आज बॉस्टनच्या स्टेट हाउसपाशी, म्हणजे राज्याच्या विधिमंडळापाशी, अ‍ॅन आणि मेरी या दोघींचे पुतळे आहेत. ते उभारले गेले याचं मला फार मोल वाटतं.

आणि हा धागा आपल्यापर्यंत येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. प्युरिटनांच्या चर्चचे वारस म्हणजे न्यू इंग्लंडचे, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांतले, काँग्रिगेशनल पंथाचे लोक. त्यांनी पाठवलेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. आले धर्मप्रसाराला, पण सवयीने लगोलग शाळा काढल्या, छापखाना घातला. १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. सिंथिया फरार ही न्यू हॅम्पशायरची अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आली आणि शेवटपर्यंत भारतातच मुलींना शिकवत राहिली, आधी मुंबईत, मग नगरला. तिची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. त्यांनी मिशनऱ्यांचा धर्म घेतला नाही. पुण्याला परतून १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि शिकवायला सावित्रीबाई उभ्या राहिल्या.