चक्कीवरचा काटा

ज्वारी तोलून झाल्यावर आज मीच काट्यावर उभी राहिले. ६३. श्रावणात ६८ होते. आनंद होतच होता, तेवढ्यात डबा घेऊन उभ्या असलेल्या माई जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काऊन वं, वाळून राह्यली तू. पुन्हा निंगालं का काई?"

"नाही माई, संध्याकाळी सातनंतर मी खात नाही, म्हणून." त्यांनी मान हलवली, पण पटलं नाही. घरी येईपर्यंत तोच शब्द. निंगालं.

केमो संपल्यावर अंग भरलं तेव्हा सगळे म्हणाले, तब्येत आली. ती तब्येत स्टेरॉइडची होती, पडून राहण्याची होती, हे कोणाकोणाला सांगायचं? पाळी गेल्यावर अंगातली चरबीच इस्ट्रोजन हे बायकांचं हार्मोन तयार करते आणि माझी स्तनातली गाठ त्याच्यावरच पोसलेली, म्हणून वजन उतरवा, हे डॉक्टर मॅडमनीच सांगितलं. दोनदाच जेवा, हे आमच्याकडं नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार साहेबांपासून ऐकलेलं आहे. पण मी मॅडमना विचारून चौदा तासच धरले, संध्याकाळी सात ते सकाळी नऊ. रात्रीची टॅमॉक्सिफेनची, म्हणजे गाठीला इस्ट्रोजन मिळू न देणारी, गोळी तेवढी पाण्याबरोबर. सकाळचा चहा नाही, ते सगळ्यात जड जातं.

बाबूनं एक अभ्यास वाचून दाखवला होता. अमेरिकेतला, २०१६चा, स्तनाचा कर्करोग झालेल्या २४१३ बायकांचा. रात्री तेरा तासांपेक्षा कमी वेळ पोट रिकामं असणाऱ्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मॅडम म्हणाल्या, हे नुसतं निरीक्षण आहे, उपासानं आजार थांबतो असं यातून ठरत नाही. तरी मी ते तेरा तास मनात धरून ठेवले आहेत.

आणि माईंवर कशाला रागवायचं? दिवाळीत ब्लाउज सैल झाला तेव्हा दार लावून मीच काख चाचपून पाहिली होती. दोन दिवस यांनाही बोलले नाही. ज्यासाठी भूक मारली तेच झालं होतं, आणि माझे हातपाय गार पडले होते. पहिल्या वेळीही असंच, न कळत उतरलं होतं. आता प्रत्येक किलोला हेच होणार का? कमी झालं तरी भीती, वाढलं तरी भीती. एखादी गोष्ट नुसती चांगली म्हणून माझ्या वाट्याला येऊच नये का?

हे शेतातून साडेआठला येतात. भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी वाढून मी बाजूला बसते. बावीस वर्षं सोबत जेवलो. असो.

पुढच्या महिन्यात नागपूरला तपासणी आहे, तेव्हा कळेलच. तोवर माईंना तोंडानं सांगून पटायचं नाही. आज सव्वासहालाच ताट घेऊन अंगणात बसले, त्यांच्या ओसरीतून दिसेल असं. दोन भाकरी, वरण, वर कांदा. माई बराच वेळ बघत होत्या. मग आत जाऊन वाटीभर ठेचा घेऊन आल्या.