ढील

माझ्या डब्यात गळाला लावायचे पंधरा-वीस रबरी मासे आहेत आणि त्या सगळ्यांना बडीशेपेचा वास येतो. बायकोला वाटलं, मुखवास आणलाय. तिनं झाकण उघडलं, आतले ते लिबलिबीत, तीन-चार इंची प्रकार पाहिले आणि झाकण पुन्हा घट्ट लावलं. त्या दिवसापासून डब्याचा मुक्काम गॅलरीत.

खऱ्या माशासारखा त्यातला एकही दिसत नाही. एक शेवाळी आहे, त्यावर चमकी. एक तर लग्नातल्या फेट्यासारखा गुलाबी. तरीही त्याला खाणारा इथे पाण्यात बसलेला आहे.

तो म्हणजे फ्लॅटहेड. डोकं इतकं चपटं, की पाट्यावर ठेवून वरून वरवंटा दाबलाय असं वाटावं. डोळे थेट माथ्यावर. अंग वाळूच्या रंगाचं, त्यावर चिखलाचे शिंतोडे. इथल्या खाड्यांत असतो तो डस्की फ्लॅटहेड. क्वीन्सलँडपासून व्हिक्टोरियाच्या गिप्सलँड सरोवरांपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर सापडतो आणि १.२ मीटरपर्यंत वाढू शकतो. धंदा एकच, पडून राहणं. वाळूत अंग पुरून, डोळे तेवढे बाहेर ठेवून बसायचं आणि कोलंबी किंवा बोईटाचं पिल्लू डोक्यावरून गेलं की तोंड उघडायचं. ओहोटीला वाळू उघडी पडली की त्याच्या बैठकीचे ठसे दिसतात. पुढे रुंद, मागे निमुळते. ओल्या वाळूत कुणी उलथनं दाबून उचललं असावं तसे.

मी जातो वॉय वॉयला. सिडनीहून उत्तरेची ट्रेन पकडली, हॉक्सबरी नदीचा पूल मागे पडला की पुढे हे गाव. त्याच्या दारातल्या पाण्याला ब्रिस्बेन वॉटर म्हणतात. ब्रिस्बेन शहर तिथून कितीतरी लांब, दोघांना एकाच गव्हर्नरचं नाव चिकटलंय इतकंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा धक्क्यावर उभा राहिलो आणि नाक आधी रत्नागिरीला पोचलं. भाट्याच्या खाडीला ओहोटीला येतो तोच वास. काठाला तिवरं, तीही आपल्याकडचीच जात, ॲव्हिसेनिया मरिना. खडकांना कालवं. फक्त बगळ्याच्या जागी पेलिकन, आणि तोही असा लाडावलेला, की लोकांच्या बादलीत डोकावतो.

बाबा भाट्याच्या पुलाखाली गरवायचे. आमिषाला जिवंत कोलंबी, ती मेली तर घरी. त्यांना मी फोनवर रबराचं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि तो खातो?"

"खातो, बाबा."

"मग तो मासा अडाणी आहे."

तेव्हा मी खोटं बोलत होतो. पहिले चार महिने त्यानं काहीही खाल्लं नव्हतं. वर्षाच्या परवान्याचे ३५ डॉलर भरलेले, सात फुटी काठी, केसासारखी बारीक विणलेली दोरी, पुढे हातभर लांबीचा जाड पारदर्शक दोरा (फ्लॅटहेडचे दात घासून घासून बारीक दोरी तोडतात), सगळं होतं. मी रबर लांब फेकायचो आणि दळण संपवायची घाई असल्यासारखा रीळ फिरवत बसायचो. धक्क्यावर रोज दिसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं एकदा बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कुठे जायचंय का?"

मला कुठेच जायचं नव्हतं. शनिवार होता.

त्यानं माझी काठी घेतली. रबर तळाला जाऊ दिलं. मग काठीच्या टोकाला दोन छोटे हिसके, टक टक, आणि थांबला. बस. पाण्याखाली ते रबर दोनदा उडालं असणार आणि मग गळाला असलेल्या शिशाच्या डोक्यानं खाली खाली येत, शेपटी हलवत तळावर टेकलं असणार. बिचकलेली कोलंबी असंच करते, उडते आणि पुन्हा बसते. फ्लॅटहेड रंगाकडे फारसं बघतच नाही असं माझं आता मत झालंय. तो पडणं बघतो. वर जाणारं त्याच्या हातून सुटलेलं असतं, खाली येणारं त्याच्या तोंडापाशी येत असतं. म्हणून दहातले आठ मासे रबर पडत असतानाच लागतात, म्हणजे नेमके आपण काहीच करत नसतो तेव्हा.

काहीच न करणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. दोरी ताणून धरली तर रबर खाली न पडता झोका घेऊन आपल्याकडे येतं. अगदीच सोडली तर मासा घेऊन थुंकतो आणि आपल्याला पत्ता नाही. पतंगाला देतात तशी ढील द्यायची, सोडायची पण बोटाला कळत राहील इतकीच. शिसंही त्याच हिशेबानं निवडायचं. पाणी संथ असेल तर साडेतीन ग्रॅम, उधाणाची ओहोटी जोरात निघाली असेल तर सात. आणि रबर गळावर ओवताना आधी बाजूला धरून मापायचं, गळाचं टोक पाठीतून कुठे निघेल ते. तसूभर वाकडं ओवलं तर ते पाण्यात गरगरतं, आणि गरगरणाऱ्या कोलंबीवर अडाणी मासासुद्धा विश्वास ठेवत नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ओहोटी लागली होती. उथळ वाळवंटावरचं पाणी एका घळीतून खोल पाण्यात उतरत होतं आणि त्याबरोबर बारीकसारीक मासळी. अशा घळीच्या तोंडाशी फ्लॅटहेड पानावर बसल्यासारखा वाट बघतो. मी फेकलं. टक टक. ढील. काठीवर कुणी टिचकी मारावी इतकंच जाणवलं. काठी उचलली तर पलीकडे भिजलेली गोधडी. तळाशी तो फार धावला नाही, पण वर आल्यावर त्यानं डोकं असं झटकलं की माझा अर्धा शर्ट भिजला. म्हाताऱ्यानं जाळी खाली घातली म्हणून वर आला.

वर आली, म्हणायला हवं. मोजपट्टीची चटई ओली करून वर ठेवली, ७४ सेंटिमीटर. न्यू साउथ वेल्समध्ये ३६ च्या आतला आणि ७० च्या वरचा डस्की ठेवता येत नाही. एवढ्या मोठ्या झाल्या की त्या जवळजवळ सगळ्या माद्या असतात, आणि उन्हाळा हा त्यांचा अंडी घालायचा काळ. उचलताना कल्ल्याजवळचा काटा अंगठ्यात गेला. म्हातारा म्हणाला, तिच्याच पोटाचा बुळबुळीतपणा जखमेवर चोळ. चोळला. दुखायचं तेवढं दुखलंच, वर हाताला दोन दिवस वास. मग पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवली. शेपटी एकदा हलली आणि हात रिकामे झाले.

घरी येऊन बाबांना फोन लावला. तिकडे दुपार, ते जेवून आडवे झाले होते.

"सोडलीस?"

"सोडावी लागते."

"गाबोळी होती?"

"असणार."

"फोटो?"

"अंगठ्यातून रक्त येत होतं."

"म्हणजे मासा नाही, फोटो नाही आणि आमिष रबराचं." थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. "मी इथे साठच सांगतो. चौऱ्याहत्तर कुणाला पटायचं नाही."

"सांगा."

"आणि गणपतीला येताना त्यातली दोन-चार रबरं घेऊन ये. बघू भाट्याला काय म्हणतात." फोन ठेवता ठेवता त्यांना आठवलं. "गुलाबी नको."