होबी १६ ची शिडे जुळवताना: खिंडसीवरच्या हिवाळ्याची नोंद

मागच्या नोंदीत मी अशी तक्रार केली होती की, वाऱ्याच्या तोंडावर चढताना माझी होबी १६, म्हणजे दोन लांबट तरंगत्या भागांची (हलांची) शिडाची बोट, जड वाटते, आणि त्याचे खापर हलांच्या तळाला धरलेल्या शेवाळावर फोडले होते. तळ घासून लखलखीत केल्यावरही बोट तशीच रेंगाळत राहिली, तेव्हा मात्र सुकाणू धरणाऱ्याच्या हातांकडे पाहणे भाग पडले. हा हिवाळा बव्हंशी त्यातच गेला.

नागपूरहून रामटेकच्या अलीकडे-पलीकडे करत खिंडसी तलाव गाठायला मला दीड तास लागतो आणि डोलकाठी उभी करून शिडे चढवायला जवळपास तेवढाच वेळ जातो. बोट जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली आहे, ५.०५ मीटर लांब, २.४१ मीटर रुंद आणि साधारण १४५ किलो वजनाची. तिच्यावर वीस चौरस मीटरहून थोडे अधिक शीड चढते, त्यामुळे झुळूक आली तरी ती जाणवते आणि चूक झाली तर तीही लगेच जाणवते.

चूक अशी होती की, मी मेनशीट, म्हणजे मोठे शीड आवळणारी दोरी, सतत गच्च ओढून ठेवत असे. सहापदरी कप्पीमुळे एका हाताच्या ताकदीतही मोठ्या शिडाची मागची कड पार बंद करता येते, आणि ताठ शीड डोळ्यांना छान दिसते. जानेवारीतल्या एका सकाळी मागे बसलेला भाचा वैतागून म्हणाला, "काऊन इतकं ओढून राहिले जी मामा? वरचा धागा पाहा ना." पाहिले तर वरच्या बॅटनच्या (शिडात आडव्या घातलेल्या पट्टीच्या) टोकाला, मागच्या कडेवर बांधलेला लोकरीचा धागा शिडाच्या आडोशाला दडून बसला होता. हवा तिथून सुटून जातच नव्हती. मेनशीट वीतभर सैल सोडली, धागा थरथरला आणि मग सरळ मागे उडू लागला. चार-पाच सेकंदांत हलांच्या पुढच्या टोकांखालचा पाण्याचा आवाज बदलला.

याचे कारण समजून घेतल्यावर हात आपोआप सैल पडतो. पाण्याला घासून वाहणारा वारा मंद असतो आणि डोलकाठीच्या शेंड्याशी तो अधिक वेगाने वाहतो, म्हणून बोटीचा स्वतःचा वेग त्यात मिळवला की, वरच्या भागाला वारा खालच्यापेक्षा थोडा अधिक बाजूने लागतो. शिडाने वर जाताना तेवढा पीळ घेतलाच पाहिजे. त्यात होबी १६ ला पाण्यात उतरवण्याची फळी नसते. बाहेरून सपाट आणि आतून फुगीर असे तिचे हल वेग असेल तरच बाजूला सरकणे रोखतात. गच्च शिडाने वाऱ्याच्या अगदी जवळ जाण्याचा हट्ट धरला की, वेग मरतो आणि बोट खेकड्यासारखी तिरपी घसरत जाते. मी दोन वर्षे तोच हट्ट धरून बसलो होतो.

आता मेनशीटवर काळ्या मार्करने तीन खुणा केल्या आहेत. मधल्या खुणेवर ओढून ट्रॅव्हलर (मेनशीटचे खालचे टोक आडवे सरकवणारा गाडा) मध्यावर ठेवतो आणि बोट जिबच्या, म्हणजे पुढच्या लहान शिडाच्या, धाग्यांवर चालवतो: आडोशाच्या बाजूचा धागा फडफडला तर जिब जास्त ओढलेली असते किंवा मी वाऱ्यापासून फार दूर गेलेलो असतो, आणि वाऱ्याकडचा फडफडला तर याच्या उलट. खिंडसीभोवतीच्या टेकड्यांवरून उतरणारा वारा तुटक असतो. झोत आला की, बोटीला लागणारा वारा क्षणभर मागे सरकतो, तेव्हा आधी मेनशीट सोडायची, मग वाऱ्याकडे वळायचे आणि पुन्हा ओढायची. हा क्रम अजून अंगवळणी पडलेला नाही.

दुसरा घोटाळा बॅटनचा. शीड गुळगुळीत दिसावे म्हणून मी त्या फार ताणून बांधल्या होत्या, त्यामुळे मंद वाऱ्यात टॅक घेतल्यावर (नाक वाऱ्यातून पलीकडे वळवल्यावर) त्या पलीकडे उलटतच नसत, आणि भाचा बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) हाताने हिसके देऊन शीड पलटवत बसे. आता कापडावरच्या उभ्या सुरकुत्या जेमतेम जातील इतकाच ताण ठेवतो. टॅकच्या ऐन मध्यात मेनशीट फूटभर सोडायची आणि नाक पलीकडे वळेपर्यंत जिब जुन्याच बाजूला धरून ठेवायची, या दोन गोष्टींनी बोट वाऱ्याच्या तोंडाशी अडकणे जवळजवळ थांबले.

वाऱ्यापाठी जाण्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही: ट्रॅव्हलर पार बाहेर, डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेवरचा धागा बोटीला काटकोनात, आणि सरळ जाण्याऐवजी नागमोडी.

डोलकाठीचा मागचा झुकाव मात्र तसाच राहिला आहे. शर्यतीतल्या होबींवर ती इतकी मागे झुकवतात की, मेनशीटच्या वरच्या आणि खालच्या कप्प्या जवळजवळ एकमेकींना टेकतात. माझ्या बोटीवर त्यांच्यात अजून दोन वीत अंतर उरते. पुढच्या रविवारी पुढची तार एक भोक सैल करून तेवढाच बदल करणार आहे, बाकी सगळ्या खुणा होत्या तिथेच ठेवून. भाच्याला वही आणि पेन्सिल आणायला सांगितले आहे.